‘मग पेपर वाचणं सोडलंस कधी?’ : ‘यूज्ड टू’ची उकल

शेजारच्या इमारतीतला एक मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसच्या मुलाखती तोंडावर आल्या, तशी त्याच्या आईनं त्याला माझ्याकडे पिटाळलं. “काका, जरा याच्याशी इंग्रजीत बोला, तोंड उघडत नाही याचं.” तोंड चांगलं उघडत होतं. रिकाम्या वेळात काय करतोस, असं मी इंग्रजीत विचारलं, तर ताडकन उत्तर आलं, “सर, आय यूज्ड टू रीड न्यूजपेपर डेली.”

मी मराठीत विचारलं, “मग सोडलंस कधी?”

तो गोंधळला. “नाही काका, आत्ता वाचूनच आलोय.”

आपण नेमकं काय बोललो हे त्याला कळेना, कारण त्याच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं होतं. क्लासमध्ये कुणीतरी शिकवलं होतं, ‘यूज्ड टू म्हणजे सवय’. पेपर वाचायची सवय आहे, म्हणून यूज्ड टू. हे समीकरण पूर्ण चूक असतं तर बरं झालं असतं, लगेच सापडलं असतं. ते अर्धं बरोबर आहे, आणि तेवढ्यानंच घोळ होतो. इंग्रजीत ‘यूज्ड टू’ हे दोन शब्द तीन वेगळ्या कामांना जुंपलेले असतात. त्यातल्या एकाच ठिकाणी ‘सवय’ हा शब्द चपखल बसतो, आणि त्या मुलानं वापरलं ते ठिकाण ते नव्हतं.

त्यानं वापरलं ते ‘यूज्ड टू रीड’. पुढे साधं क्रियापद. याला मराठीत अगदी नेमकी जोडी आहे: ‘वाचायचो’. आय यूज्ड टू रीड, मी वाचायचो. शी यूज्ड टू सिंग, ती गायची. सवयीचं नाव काढायची गरज नाही, ‘-यचो, -यची’ लावलं की काम झालं. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की ‘मी रोज पेपर वाचायचो’ असं तू म्हणालास. तो लगेच हसला. मराठीत ऐकल्यावर चूक कानाला लागली, इंग्रजीत लागली नव्हती.

पण ही चूक इतकी सर्रास का होते? ती करणारे अडाणी नसतात. माझ्या मते दोष असलाच तर मराठीच्या श्रीमंतीचा आहे. शाळेतल्या व्याकरणात काळांचा तक्ता होता तो आठवा. साधा, अपूर्ण, पूर्ण, आणि शेवटचा रीती. ‘मी जात असतो’ हा रीतिवर्तमानकाळ, ‘मी जात असे’ हा रीतिभूतकाळ, ‘मी जात जाईन’ हा रीतिभविष्यकाळ. एखादी गोष्ट एकदाच घडली की पुनःपुन्हा घडण्याची रीतच होती, हे सांगायला आपल्याकडे तिन्ही काळांत वेगळी घडण आहे. आई परगावी निघालेल्या मुलीला म्हणते, ‘रोज फोन करत जा’. त्या ‘करत जा’मध्ये रीतच आहे. इंग्रजीत अशी खास खिडकी उरली आहे ती फक्त भूतकाळाची. वर्तमानकाळातली रीत सांगायला तिथे साधा वर्तमानकाळच चालतो: ‘आय रीड द पेपर एव्हरी डे’. बस. आपल्या कानाला हे फार उघडंबोडकं वाटतं. ‘वाचतो’ झालं, पण ‘वाचत असतो’ कुठे आहे? मग त्या ‘असतो’च्या शोधात हात ‘यूज्ड टू’कडे जातो, आणि रोजचा पेपर भूतकाळात जमा होतो.

भूतकाळातही मराठी एका रूपावर थांबलेली नाही. ‘आजोबा पहाटे नदीवर जात.’ ‘आजोबा पहाटे नदीवर जात असत.’ ‘आजोबा पहाटे नदीवर जायचे.’ आणि जुन्या धाटणीचं एकवचन घ्यायचं तर ‘तो पहाटे नदीवर जाई’. जुने व्याकरणकार या शेवटच्या रूपाला ई-आख्यात म्हणत. बोलताना आपण ‘जायचा’ म्हणतो, गोष्ट सांगताना ‘जाई’ आणि ‘जात असे’ अजून जिवंत आहेत. इंग्रजीतही अशीच एक जोडी आहे. ‘यूज्ड टू’ला ‘वुड’ नावाचा एक भाऊ आहे. ‘लहानपणी आम्ही मामाकडे जायचो’ हे ‘यूज्ड टू’नं सुरू करायचं, आणि मग पुढची सगळी वाक्यं ‘वुड’नं ओढत न्यायची: मामा आंबे उतरवायचा, आम्ही ते पेंढ्यात लावायचो, मामी ओरडायची. प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टू’ आलं तर इंग्रजी माणसालाही ठेचकाळल्यासारखं होतं. ‘वुड’ मात्र एकट्यानं सुरुवात करू शकत नाही. काळ आधी उभा करावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला ते ‘मी गेलो असतो’च्या थाटाचं वाटतं.

आणखी एक फरक. ‘वुड’ फक्त घडणाऱ्या गोष्टींना चालतं. नुसत्या असण्याला, राहण्याला, आवडण्याला चालत नाही. ‘आमच्याकडे एक बैलगाडी असायची’ याला ‘वी यूज्ड टू हॅव’ म्हणता येतं, ‘वी वुड हॅव’ म्हणता येत नाही.

आता एक मजेची गोष्ट. ‘यूज्ड टू’ कुठे वापरू नये याचा एक नियम इंग्रजीच्या पुस्तकांत असतो, आणि मुलं तो घोकतात. नियम असा की किती वेळा किंवा एकूण किती काळ हे मोजून सांगायचं असेल, तर ‘यूज्ड टू’ नको. तो घोकायची खरंच गरज नाही, कारण तो मराठीत आधीच आहे. ‘मी त्या हॉटेलात तीन वेळा जायचो’ हे वाक्य म्हणून पाहा. अडखळतं ना? ‘तीन वेळा गेलो’ हवं. पण ‘आठवड्यातून तीन वेळा जायचो’ अगदी सुरळीत. ‘मी नाशिकला पाच वर्षं राहायचो’ हेही कुणी म्हणत नाही, ‘पाच वर्षं राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ म्हणतात. मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली आणि १९६४ साली बंद पडली. तारखा द्यायच्या तर ‘ट्राम्स रॅन इन बॉम्बे फ्रॉम १८७४ टू १९६४’. तारखा न देता, पारशी कॉलनीतले आजोबा उसासा टाकून सांगतात तसं सांगायचं, तर ‘ट्राम्स यूज्ड टू रन हिअर’. ‘इथून ट्राम जायची.’ मोजलेला काळ आणि आठवलेला काळ यांतला हा फरक दोन्ही भाषांनी एकाच जागी ठेवला आहे. तुमचं मराठी ‘-यचो’ अडलं, तर तुमचं इंग्रजी ‘यूज्ड टू’ही अडायला हवं.

एके ठिकाणी मात्र मराठीचा कान पुरत नाही, आणि ती जागा नाजूक आहे. ‘इथे चिंचेचं झाड होतं’ असं आपण म्हणतो. आता ते झाड आहे की तोडलं, हे ‘होतं’वरून आपोआप कळत नाही. बोलणाऱ्याच्या सुरावरून, नाहीतर ‘पूर्वी’ हा शब्द जोडल्यावर कळतं. इंग्रजीतलं ‘देअर यूज्ड टू बी अ टॅमरिंड ट्री हिअर’ हे ते ‘पूर्वी’ आपल्या पोटातच घेऊन येतं. होतं, आणि आता नाही. अर्थात हा पोटातला अर्थ आहे, कोरलेला नाही. ‘आय यूज्ड टू गो देअर, अँड आय स्टिल डू’ असं म्हणून तो पुसता येतो. पण पुसला नाही, तर ऐकणारा तो धरतोच.

म्हणूनच इंग्रजीत शोकसंदेश लिहिताना हा शब्द जपून वापरावा. वारलेल्या माणसाविषयी ‘ही वॉज माय फ्रेंड’ लिहिलं तर बरोबर: तो माझा मित्र होता. ‘ही यूज्ड टू बी माय फ्रेंड’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, पुढे बिनसलं वाटतं यांचं. मराठी मनाला ‘यूज्ड टू बी’ जास्त आदराचं, जास्त भरघोस वाटतं, ‘होते’पेक्षा ‘असायचे’ वाटावं तसं. नात्यांच्या बाबतीत मात्र त्यात दुरावा डोकावतो.

आता उच्चाराकडे वळतो, कारण अर्धी चूक तिथे जन्म घेते. ‘वापरणे’ या अर्थाचं जे ‘यूज’ आहे, त्यातला ‘ज’ आपल्या ‘जरा’तल्या ‘ज’च्या जवळचा आहे, आणि त्याचा भूतकाळ ‘यूज्ड’. पण आपण ज्याविषयी बोलतोय ते ‘यूज्ड टू’ कुणीही इंग्रज असं सुटं सुटं म्हणत नाही. तो म्हणतो ‘यूस्टू’. ‘ज’चा झाला ‘स’, आणि ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळला. पुढचा ‘ट’ अघोष, म्हणजे म्हणताना घशात कंप न होणारा, म्हणून त्यानं मागच्यांनाही अघोष करून टाकलं. ‘हॅव टू’चं ‘हॅफ्टू’ होतं आणि ‘सपोज्ड टू’चं ‘सपोस्टू’, तेही याच कारणानं. आपल्याकडे हेच उलट्या दिशेनं होतं: ‘एकदा’ भराभर म्हणून पाहा, ‘द’च्या ओढीनं ‘क’चा ‘ग’ व्हायला लागतो.

‘ड’ ऐकूच येत नाही म्हटल्यावर लिहिणारा तो गाळतो: ‘आय यूज टू गो’. ही चूक जन्मानं इंग्रजी बोलणारेही सर्रास करतात, तेव्हा आपण फार ओशाळायला नको. पण विधान करताना तो ‘ड’ हवाच. प्रश्नात आणि नकारात मात्र ‘डिड’ येतं आणि भूतकाळाचा भार उचलतं, म्हणून ‘डिड यू यूज टू’ आणि ‘आय डिडन्ट यूज टू’ असं ‘ड’विना लिहावं, असा बहुतेक शिक्षकांचा सल्ला असतो. छापील मजकुरातही ‘डिडन्ट यूज्ड टू’ दिसतं, कारण कानाला दोन्ही एकच. औपचारिक ब्रिटिश लेखनात ‘यूज्ड नॉट टू’ असाही जुना थाट आहे. तो वाचताना ओळखता आला म्हणजे पुरे, आपण कशाला जायचं त्या वाटेला? त्यापेक्षा ‘नेव्हर यूज्ड टू’ म्हणावं. सोपं आणि स्वच्छ.

पण ‘वापरणे’ या अर्थाचा शब्द ‘रीत’ सांगायला आला कुठून? मला ही इंग्रजीची लहर वाटायची, एका जमिनीच्या कज्ज्यात ‘वहिवाट’ हा शब्द कानावर पडेपर्यंत. वहिवाट म्हणजे काय? जमिनीचा, रस्त्याचा प्रत्यक्ष वापर. आणि वहिवाट म्हणजेच चालत आलेली रीत. ‘आमच्याकडे अशी वहिवाट आहे’ असं गावाकडे म्हणतात, तेव्हा ते सातबाऱ्याबद्दल बोलत नसतात. जे वारंवार वापरलं जातं, त्याचीच रीत होते. मराठीनं हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले, इंग्रजीनं ‘यूज’मध्ये ठेवले. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि ‘यूजुअल’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द त्याच घरातला. एके काळी इंग्रजीत ‘यूज’चा ‘रीत असणे’ हा अर्थ वर्तमानकाळातही चाले. ‘ही यूजेस टू गो’ म्हणजे ‘त्याची जायची रीत आहे’ असं लोक म्हणत. पुढे वर्तमानकाळातली ती वहिवाट मोडली आणि भूतकाळातली तेवढी टिकली. म्हणजे आमच्या शेजारचा मुलगा जे करू पाहत होता, ते तीन-चारशे वर्षांपूर्वी केलं असतं तर फारसं खटकलं नसतं. मुलाखत घेणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही.

आता दुसरं काम, जिथे ‘सवय’ हा शब्द खराखुरा बसतो. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द हीट’: मला उन्हाची सवय आहे. यात पुढे क्रियापद नाही, नाम आहे. आणि मागे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’ यांपैकी काहीतरी आहे. या दोन खुणा दिसल्या की समजायचं, हे ‘वाचायचो’ नव्हे, हे ‘सवय आहे’.

इथे आपली गाडी हमखास घसरते. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ याचं इंग्रजी म्हणून ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेट अप अर्ली’ असं येतं. हवं असतं ‘यूज्ड टू गेटिंग अप’. पुस्तक सांगतं, ‘टू’नंतर ‘इंग’ लावा. पण शाळेत तर ‘टू’नंतर मूळ क्रियापद शिकवलेलं असतं: टू गो, टू ईट. मग इथे काय झालं? झालं असं की हा ‘टू’ तो नव्हे. ‘टू गो’मधला ‘टू’ हा ‘जाणे’मधल्या ‘-णे’सारखा क्रियापदाचाच भाग आहे. ‘यूज्ड टू द हीट’मधला ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, मराठीत ज्याचं काम ‘उन्हाची’मधला ‘ची’ करतो. त्याच्यापुढे नामच लागतं. आणि मराठीही इथे नामच मागते, फक्त आपलं लक्ष नसतं. ‘उठतो सवय आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘उठण्याची’ म्हणतात, म्हणजे ‘उठणे’ हे आधी नाम करून घेतात आणि मग त्याला ‘ची’ लावतात. इंग्रजीत क्रियापदाचं नाम करायचा एक हुकमी मार्ग म्हणजे ‘इंग’: गेटिंग अप, उठणं.

पडताळा सोपा आहे. ‘टू’च्या पुढे ‘इट’ किंवा ‘द हीट’ असं काहीतरी ठेवून बघा. वाक्य उभं राहिलं, तर तिथे क्रियापद आणताना ‘इंग’ लागणार. याच पडताळ्यानं नोकरीच्या अर्जातली ती सुप्रसिद्ध चूकही सुटते. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ म्हणता येतं ना? मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ नाही, ‘हिअरिंग’. उत्तराची वाट पाहण्याचं हे एक वाक्य मी इतक्या अर्जांत चुकलेलं पाहिलं आहे की ते बरोबर दिसलं, तर अर्ज कुणाकडून तरी तपासून घेतलाय असा संशय येतो.

‘इंग’ गाळलं तर नुसतं व्याकरण चुकतं असंही नाही, कधी अर्थच फिरतो. कारण तिसरं काम मध्ये डोकावतं: साधं सरळ ‘वापरलं जातं’. ‘द डॉग इज यूज्ड टू गार्ड द हाउस’ म्हणजे घर राखायला कुत्रा वापरतात. ‘द डॉग इज यूज्ड टू गार्डिंग द हाउस’ म्हणजे कुत्र्याला घर राखायची सवय आहे. विळीच्या बाबतीत पहिलंच खरं असू शकतं, ‘इज यूज्ड टू कट’, कारण विळीला कसली सवय? पण ‘आय अ‍ॅम यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स’ असं एखादी सून म्हणाली, तर भाजी चिरायला मला वापरून घेतात, असा त्याचा अर्थ होतो. काही घरांत तेही खरं असेल. या तिसऱ्या कामात उच्चारही ‘स’चा नसतो, ‘यूज्ड’ असा ‘ज’चाच राहतो, तेव्हा नीट ऐकणाऱ्याला फरक कानानंही लागतो.

सवय असणं ही एक अवस्था. सवय होणं हा प्रवास, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘अ‍ॅम’च्या जागी ‘गेट’ येतं. हा प्रवास सांगायला मराठीत फार सुंदर शब्द आहेत: सरावणे, रुळणे, अंगवळणी पडणे. नवीन सून सासरी रुळते, नवा माणूस ऑफिसात रुळतो. ‘शी इज गेटिंग यूज्ड टू द न्यू ऑफिस’ याचं भाषांतर करताना ‘तिला नवीन ऑफिसची सवय होत आहे’ असं लिहिणाऱ्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं, ‘रुळतेय’ म्हणायला काय झालं होतं? मुंबईत पहिल्यांदा भाड्यानं राहायला आलेल्या प्रत्येकाला रात्रीच्या लोकलच्या आवाजाबद्दल कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘होईल सवय’. ते इंग्रजीत तंतोतंत ‘यू विल गेट यूज्ड टू इट’. महिन्याभरानं आवाज ऐकू येईनासा होतो, तेव्हा ‘गॉट यूज्ड टू इट’. आणि वर्षभरानं गावी गेल्यावर शांततेनं झोप उडते, त्याला मात्र वेगळं काही सांगावं लागत नाही.

या लोकलच्या उदाहरणातच शेवटची गाठ आहे, आणि ती मला बरीच वर्षं दिसली नव्हती. मराठीत सवय दोन प्रकारची. एक ‘होते’, दुसरी ‘लागते’. आवाजाची सवय होते: आधी त्रास व्हायचा, आता होत नाही. चहाची सवय लागते: आधी नसला तरी चालायचा, आता चालत नाही. एक अंगवळणी पडणं, दुसरं अंगाला चिकटणं. ‘यूज्ड टू’ फक्त पहिलीला लागू पडतं. नवखेपणा गेला, खटकत नाही, एवढंच ते सांगतं. ते नसलं तर जीव कासावीस होतो, हे त्यात नाही. त्यासाठी सरळ ‘आय कान्ट डू विदाउट टी’ म्हणावं.

म्हणून परदेशात कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात, दुपारचे चार वाजले, डोकं दुखायला लागलं, आणि तुम्ही संकोचून म्हणालात, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू टी’, तर यजमानीणबाई समजतील की यांना चहा नवा नाही, दिला तर चालतो. त्या मान डोलावतील आणि कॉफी करायला उठतील.